दोन दिवसांनी हलणारा काटा

वजनकाटा खोटा आहे, असं मी नुसतं म्हटलं तरी बाजारातल्या भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळतं. त्याला कारण माझं व्यक्तिमत्त्व नव्हे, माझी नोकरी. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. कुठला काटा खरा आणि कुठला खोटा हे ठरवायचा सरकारने मला रीतसर अधिकार दिलेला आहे. तो अधिकार घराच्या उंबरठ्यापाशी संपतो, असं मात्र नेमणुकीच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

झालं असं, की आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मेहुण्यांनी आम्हाला माणसांचं वजन करायचा काटा भेट दिला. लोक फुलदाणी देतात, भिंतीवरचं घड्याळ देतात. यांनी काटा दिला, आणि वर म्हणाले, "जावईबापू, तुमच्याच खात्यातली वस्तू आहे. वापरा."

हे मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू. बायको त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. साठी उलटलेली, पण अंगावर चरबीचा थेंब नाही. रोज सकाळी नदीकाठाने धावणार, लिफ्टमधून फक्त पिशव्या पाठवणार आणि स्वतः जिन्याने येणार, आणि आल्या आल्या माझ्या पोटाकडे बघून "काय म्हणतंय?" असं विचारणार. जणू पोट हे आमच्या घरातलं वेगळं माणूस आहे. देवाने या माणसाला एकच उणीव दिली होती, ती म्हणजे एक दाढ. धावायला लागलं की ती ठणकायची आणि थांबलं की थांबायची. दंतवैद्याने दोनदा तपासून दाढ उत्तम असल्याचं सांगितलं होतं. मला त्या दाढेचा मनातून फार आधार वाटायचा.

तर त्या काट्यावर मी उभा राहिलो आणि आलेला आकडा बघून म्हणालो, "काटा खोटा आहे."

"हो का?" बायको म्हणाली. "मग तपासा की. घरात एवढा मोठा अधिकारी आहे."

आता इथे शहाणा माणूस विषय बदलतो. मी पिशवी उघडली. फिरतीवर न्यायची तपासणीची वजनं त्यात असतातच. हातमोजे चढवले, कारण वजनाला उघडा हात लावायचा नाही, घाम लागतो, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. पाच किलो ठेवलं, काट्याने पाच दाखवले. दहा ठेवलं, दहा. दोन्ही मिळून ठेवली, पंधरा. इतका प्रामाणिक काटा मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. बायकोने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आता शिक्का मारून टाका."

ही गोष्ट तिने दादांना फोनवर सांगितली. दादा इतके हसले की फोन लांब धरूनही मला ऐकू आलं. त्या क्षणी मी ठरवलं की वजन कमी करायचं, पण कोणाला कळू न देता. चार-सहा महिन्यांनी दादांच्या समोर सहज, काहीतरी शोधता शोधता चुकून पाय पडल्यासारखं काट्यावर उभं राहायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा.

पण व्यायाम करायचा कुठे? घरात बायको. नदीकाठी दादा. गच्चीवर आमच्या समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर, ज्यांना दुसऱ्याच्या प्रत्येक हालचालीवर शेरा मारायची सवय आहे. उरलं ऑफिस. आणि ऑफिसात, साहेबांच्या केबिनच्या मागे, वजनांची खोली. थंड, शांत, दाराला आतून कडी. काचेच्या कपाटात पितळेची प्रमाण वजनं, ज्यांच्याकडे आम्ही श्वास रोखून बघतो, आणि खाली फळीवर लोखंडी वजनं, कड्यांची, हातात धरायला सोयीची. मध्ये एक लाकडी बाकडं. लोक पैसे भरून जिममध्ये जातात, आणि माझ्या ताब्यात सरकारी, अचूक, दरवर्षी तपासलेली जिम होती!

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आत शिरून कडी लावली. सरकारी वजनं व्यायामाला वापरणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी हातमोजे घातले. बाकड्यावर उताणा झालो, दोन हातांत दोन पाच-पाच किलो घेऊन छातीवरून वर ढकलू लागलो. सहज जमलं. मग वाटलं, पाच किलो म्हणजे भाजीवाल्याचं वजन, निरीक्षकाला शोभत नाही. दहा-दहाची घेतली. दम लागला, हात थरथरले, पण छातीत एक प्रकारचा अभिमान भरून आला. सुट्टी संपेपर्यंत मी थांबलो नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा काहीही दुखत नव्हतं. दादा उगाच व्यायामाचं अवडंबर माजवतात, असं माझं मत झालं.

शनिवारी जरा अवघडल्यासारखं वाटलं, ते मी ऑफिसच्या खुर्चीवर ढकललं.

रविवारी सकाळी दाढी करायला हात वर केला आणि छातीत अशी कळ आली की ब्रश बेसिनमध्ये पडला. जरा थांबून पुन्हा हात उचलला. पुन्हा कळ. डावीकडे. मग उजवीकडे. मग दोन्हीकडे. आरशात माझा अर्धा साबण लावलेला चेहरा पांढराफटक दिसत होता. अर्थात तो अर्धा साबणानेच पांढरा होता, पण हे नंतर लक्षात आलं.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या, शुक्रवारी वजनं उचललीस ना? तीच विसरलास? विसरलो नव्हतो. पण माझी उभी हयात काट्यांत गेली आहे. वजन ठेवलं की काटा तेव्हाच हलतो. शुक्रवारी ठेवलेल्या वजनाने रविवारी हलणारा काटा मला कोणा दुकानात सापडला तर मी तो जागच्या जागी जप्त करीन. शुक्रवारी संध्याकाळी दुखलं असतं तर म्हटलं असतं व्यायाम. रविवारी दुखतंय, म्हणजे व्यायामाचा काडीचा संबंध नाही. म्हणजे हृदय. माझ्या विचारात कुठेही फट नव्हती, आणि त्यामुळेच मी घाबरलो.

बायकोला सांगणार नव्हतो. पण शर्टाच्या बाहीत हात घालता येईना. ती दारात येऊन बघत राहिली.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही. बाही आखूड झालीय."

"बाही आखूड झाली म्हणून डोळ्यांत पाणी येतं का? खरं सांगा."

"छातीत जरा..." एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य पुरं करायची संधीच मिळाली नाही. तिने दादांना फोन लावला, समोरचं दार वाजवलं, आणि हेडमास्तर आतल्या कपड्यांवर कोट चढवून आले. त्यांच्या मागोमाग खालच्या मजल्यावरच्या काकूही आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण काकूंना बोलवावं लागत नाही.

हेडमास्तरांनी समोर खुर्ची ओढून तोंडी परीक्षा सुरू केली. "कळ हातात जाते का?"

"जाते."

"कुठल्या हातात?"

"दोन्ही."

"दोन्ही कशी जाईल? डाव्या हातात जायला पाहिजे. नीट आठवून सांगा."

"अहो, माझा हात आहे. दोन्ही दुखतायत!"

"दोन्ही दुखतायत," हेडमास्तर बायकोकडे वळून गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे दुप्पट."

"गॅस आहे तो," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना अस्संच व्हायचं. गरम पाणी द्या, डाव्या कुशीवर झोपवा."

"आता कसे आहेत हो तुमचे मिस्टर?" बायकोने आशेने विचारलं.

"त्यांना जाऊन झाली की बरीच वर्षं," काकू म्हणाल्या आणि गरम पाणी करायला आत गेल्या.

तेवढ्यात दादा आले. लिफ्ट बंद होती, म्हणजे त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. पण आज दारात आले ते चौकट धरूनच. कपाळावर घाम, एक हात छातीवर, दुसरा गालावर. "जिन्यात अगदी वारा नाही," म्हणाले, आणि चपलांच्या स्टँडवर बसले. मला, खोटं कशाला बोलू, तशाही अवस्थेत बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला जिना चढून धाप लागलेली बघत होतो.

"दाढ?" मी विचारलं.

"तीच मेली," दादा म्हणाले. "माझं जाऊ दे. भाऊजी, तुम्ही पाऊल उचलायचं नाही. खुर्चीवर बसवून खाली न्यायचं."

मग मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवण्यात आलं. पुढून दादा, मागून हेडमास्तर, बाजूने बायको, आणि मागे गरम पाण्याची बाटली घेऊन काकू. खिडक्यांतून लोक बघत होते. माझ्या अर्ध्या गालावर वाळलेला साबण होता आणि एका बाहीत हात होता. अशी मिरवणूक सरकारी अधिकाऱ्याची काय, वैऱ्याचीही निघू नये. पहिलाच मजला उतरतो न उतरतो तो दादा म्हणाले, "थांबा. जरा टेकवू." टेकवलं. पुन्हा उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"दादा, राहू द्या," म्हणून मी उठलो. बाकीचे मजले मी पायी उतरलो. दादा कठड्याला धरून उतरले. आणि हेडमास्तरांच्या कंबरेत उसण भरल्यामुळे खुर्ची मी उचलली. पुढे एका जिन्यावर बायकोच्या हे ध्यानात आलं. "अहो, हार्ट अटॅक तुम्हाला आलाय ना? खुर्ची ठेवा खाली!" ती ओरडली.

हेडमास्तरांच्या गाडीतून गेलो. हेडमास्तर रिकाम्या रस्त्यावरही वळताना हात बाहेर काढतात. एका चौकात दिवा पिवळा होता म्हणून थांबले, तो लाल झाला म्हणून थांबले, आणि हिरवा झाल्यावर म्हणाले, "घाई करण्यात अर्थ नाही." मागच्या सीटवर बायकोने माझा हात असा घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. त्या दिवशी शिक्का मारा म्हणणारी हीच बाई का, असं वाटलं.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागातल्या डॉक्टर बाई माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "गाडीने का आलात? छातीत दुखत असेल तर रुग्णवाहिका बोलवायची. वाटेत काही झालं असतं तर?" हेडमास्तरांनी मान खाली घातली. मला ते दृश्य फार आवडलं. मग छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, रक्त घेतलं.

"पट्टी चांगली दिसतेय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या. मला सांगा, गेल्या दोन-तीन दिवसांत काही जड उचललंत? व्यायाम वगैरे?"

पडद्याच्या आत बायको होती, दादा होते, कंबर धरून हेडमास्तर होते. हो म्हणावं तर काटा खरा होता हे कबूल करण्यासारखं. हो म्हणावं तर दादांना आयुष्यभर पुरेल इतकं हसू मिळणार. हो म्हणावं तर सरकारी वजनांचा गैरवापर हेडमास्तरांमार्फत गावभर. मी म्हणालो, "छे."

"नक्की?"

"व्यायाम आणि हे?" दादा म्हणाले. पण नेहमीसारखे हसले नाहीत.

"मग आपण दाखल करून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "अजून तपासण्या लागतील."

हे ऐकलं आणि बायकोचा बांध फुटला. माझा अर्धा घातलेला शर्ट हातात धरून ती म्हणाली, "मी तो काटा फेकून देते हो. आजच्या आज फेकून देते. मी उगाच तुम्हाला बोलले." आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

आता मी माणूस आहे की कोण? एक खरा काटा माझ्या अब्रूपायी कचऱ्यात जाणार होता, आणि ही स्वतःला दोष देत रडत होती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "शुक्रवारी मी वजनं उचलली. दहा-दहा किलोची. छातीवरून. बाकड्यावर झोपून." आणि मग, सांगायचंच तर सगळं सांगावं म्हणून, "सरकारी. पण हातमोजे घातले होते."



डॉक्टरांनी दोन बोटांनी माझ्या छातीवर काखेच्या बाजूला दाबलं. "इथे?"

"आई गं!"

"हात असा वर करा."

"आई आई आई!"

"हे स्नायूंचं दुखणं वाटतंय," डॉक्टर म्हणाल्या. "सवय नसताना केलं की असंच होतं."

"पण बाई, वजन ठेवलं की काटा तेव्हाच हलतो. शुक्रवारचं रविवारी कसं दुखेल?" मी शास्त्रीय शंका विचारली.

"स्नायू म्हणजे तुमचा काटा नव्हे. त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त दुखायची खोड असते. दाबलं की दुखतं, हलवलं की दुखतं, पडून राहिलं की गप्प. तरी रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय मी सोडणार नाही, आणि तुम्ही आलात ते बरोबरच केलंत. दाबून दुखलं म्हणजे हृदय ठीकच, असं घरी बसून कोणी ठरवायचं नाही."

"आणि हृदयाचं कसं असतं?" हेडमास्तरांनी विचारलं. सकाळच्या तोंडी परीक्षेत माझे मार्क कुठे गेले ते त्यांना बघायचं होतं.

"ते दाबून सापडत नाही बहुतेक. छातीवर कोणी बसल्यासारखं जड वाटतं, आवळतं. चालताना, जिना चढताना येतं आणि थांबलं की कमी होतं. घाम, धाप. हातात जातं, पाठीत, जबड्यात जातं. कधी कधी छातीत काहीच नसतं, नुसता जबडाच दुखतो. तसं झालं तर वाट बघायची नाही."

माझी छाती आता भीतीशिवाय नुसतीच दुखत होती, आणि मी दादांच्या हसण्याची वाट बघत डोळे मिटून पडलो होतो. हसू आलं नाही. डोळे उघडले तर दादा भिंतीला टेकून उभे, तोंडावर राखेसारखा रंग.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "जबडा म्हणजे... दाढसुद्धा का?"

मी कॉटवरून उतरलो. कोणी सांगितलं नाही, पण उतरलो, आणि दादांच्या खांद्याला धरून त्यांना माझ्या जागी झोपवलं. माझ्याच तारा त्यांच्या छातीला लागल्या. तीच पट्टी निघाली. या वेळी डॉक्टर चांगली दिसतेय असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी दाराकडे बघून मोठ्याने कोणालातरी हाक मारली, आणि मग सगळं फार भराभर झालं.

मी व्हरांड्यात बसलो. हातात दादांचे धावायचे बूट होते, ते कोणीतरी माझ्याकडे दिले होते. आयुष्यभर मी या बुटांना नावं ठेवली होती. त्यांचे तळ एका बाजूने झिजले होते. या माणसाने दाढ दुखते म्हणत किती दिवस ते ओढलं असेल, आणि मी काट्यांतला तज्ज्ञ, थांबलं की थांबणाऱ्या दाढेवर नुसता हसत होतो. मला रडू आलं. बरं, रडावं तर हुंदका देताना छाती इतकी दुखायची की धड रडताही येईना. बायको शेजारी बसून माझी पाठ चोळत होती आणि मी "हळू, हळू, तिथे नको," म्हणत होतो.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा आम्ही दोघं एकदम उभे राहिलो. "एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती," त्या म्हणाल्या. "उघडली आहे. धोका टळलाय. वेळेत आले." मग माझ्याकडे बघून, "तुमचा रक्ताचा रिपोर्टही चांगला आहे. तुम्ही घरी जाऊ शकता." मी रुग्ण आहे हे मी विसरूनच गेलो होतो. बायको मटकन खाली बसली आणि हसत-रडत म्हणाली, "देवा, सुटले रे बाबा. दोघंही वाचले."

सोमवारी ऑफिसात मी साहेबांना स्वतःच सगळं सांगितलं, कारण हेडमास्तरांची एक भाची आमच्याच ऑफिसच्या इमारतीत कामाला आहे. साहेबांनी बराच वेळ पेन बंद-उघड केलं. मग विचारलं, "हातमोजे घातले होते ना?"

"हो साहेब."

"मग वजनं पुन्हा तपासून घ्या आणि पुन्हा असं करू नका." तपासली. एकाही वजनात तसूभर फरक पडला नव्हता. माझ्यात तर नव्हताच, हे सकाळी घरच्या काट्याने सांगितलं होतं.

संध्याकाळी दादांना भेटायला गेलो. खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. तोंडावर रंग परत आला होता. मी बूट कॉटखाली ठेवले आणि स्टुलावर बसलो.

"दादा, कोणाला बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"सगळ्यांना धावा म्हणून सांगणारा मी. मीच धापा टाकतोय म्हटलं असतं तर तुम्ही हसला असता."

"हसलो असतो," मी कबूल केलं.

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्ही हसला असता म्हणून."

दादांनी माझा हात धरला. धरला तो सोडला नाही. म्हणाले, "भाऊजी, काल तुम्ही खोटंच रेटलं असतं, तर मी त्या बाईंचं बोलणं ऐकायला तिथे उभा नसतो. घरी गेलो असतो, आणि आज सकाळी धावायला." आवाज जरा ओला झाला होता. मी त्यांच्या हातावर नुसतं थोपटलं.

मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "जावईबापू," ते म्हणाले, "हातमोजे घालून?"

आणि हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग शेजारच्या कॉटवरचा माणूसही काही न कळता हसायला लागला आणि नर्स धावत आली. "हसू नका हो दादा, टाके असतील," मी म्हणत होतो आणि माझंच हसू आवरत नव्हतं. हसता हसता छातीत सणसणून कळ आली. मी क्षणभर थांबलो, दोन बोटांनी जिथल्या तिथे दाबून पाहिलं. चांगलंच दुखलं. आणि मग मी मनसोक्त हसलो.